अण्णांची पट्टी

"वैजू, तंबोरा खाली ठेव," दस्तगीरकाका म्हणाले. "तुजा बा आलाय."

मी तंबोरा खाली ठेवला नाही. तिसरी तार जुळत आली होती, तिचीच खुंटी पिळत राहिले. सकाळचे सात वाजायचे होते. मार्गशीर्षातली थंडी होती आणि देवळाच्या गार फरशीवर बायका पोती अंथरून बसायला लागल्या होत्या. चौदा वर्षं ज्याने तोंड दाखवलं नाही तो बाप अशा वेळी आलाय म्हटल्यावर माणूस आधी ती थट्टाच समजणार.

"कुठे आहेत?"

"धर्मशाळंत. आप्पा पुजाऱ्यानं च्या दिलाय. संगं दोन चेले हाईत." काकांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला. "केस पांढरं झाल्यात गं त्याचं. मी आधी वळखलंच न्हाई."

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मी तार पुन्हा छेडून पाहिली.

अण्णा, म्हणजे गायक श्रीनिवास नाडगौडा, मी पाच वर्षांची असताना एका नाटक कंपनीबरोबर इंदूरला गेले आणि तिकडचेच झाले. पहिल्या वर्षी तीन पत्रं आली, दुसऱ्या वर्षी एक. पुढे गावातल्या बायकांनी आईला विचारायचंही सोडून दिलं. दस्तगीरकाका अण्णांचे पेटीवाले, आणि लहानपणापासूनचे दोस्त. अण्णा गेल्यावर त्यांनी दुसऱ्या कुणाची साथ धरली नाही. मला गाणं शिकवलं ते त्यांनी.

आमचं गाव मिरजेहून तासाभरावर, कृष्णेच्या काठाला. तिथल्या दत्तजयंतीच्या उत्सवात हजेरी लावायची पद्धत आहे. देवापुढे बसून गायचं, नारळ-प्रसाद घ्यायचा आणि उठायचं. एकदा एखाद्या घराने हजेरी धरली की ती चुकवायची नाही. घरचा गाणारा परगावी असला तर घरातलं दुसरं कुणीतरी त्याच्या जागी बसतं, आणि तो आला की उठून मागे सरकतं. सकाळची पहिली हजेरी नाडगौडांची. अण्णा गेल्यावर सात वर्षं काकांनी एकट्याने पेटी वाजवून ती राखली. मला बारावं लागलं तेव्हा त्यांनी मला अण्णांच्या तंबोऱ्याशी आणून बसवलं.

तंबोरा अण्णांचा, चिजा अण्णांच्या आणि पट्टीही अण्णांचीच. पेटीच्या दुसऱ्या काळ्या पट्टीवर त्यांचा सा असायचा. गाणारे त्याला काळी दोन म्हणतात. ती पुरुषाच्या गळ्याची पट्टी. मी हनुवटी छातीला लावून, गळा आत दाबून त्या पट्टीत गायचे, आणि लोक डोळे मिटून ऐकायचे. डोळे मिटायलाच हवेत, उघडे ठेवले तर परकर-पोलक्यातली पोर दिसायची. "खाण तशी माती," म्हणायचे. "श्रीनिवासबुवाच बसलाय की हितं!" मला त्याचा भारी अभिमान वाटायचा. खोटं कशाला सांगू?

अण्णा आले त्या वर्षीच्या दिवाळीत मात्र आवाज बसला तो उठेना. हळद झाली, ज्येष्ठमध झालं, मिठाच्या गुळण्या झाल्या. शेवटी आई मला मिरजेला घेऊन गेली. डॉक्टरांनी घशात आरसा घालून पाहिलं आणि मला जरा गाऊन दाखवायला लावलं. मी दोन ओळी गायले. ते म्हणाले, "हा गळा तू सरळ वापरतच नाहीस. आतल्या आत आवळतेस. अशीच सहा महिने गायलीस तर बोलण्यापुरताही आवाज उरायचा नाही." एस.टी.त आई खिडकीबाहेर बघत बसली होती. गाव आल्यावर एवढंच म्हणाली, "उत्सवाची हजेरी होऊ दे. मग काकांना सांगू." काकांपुढे हे काढायची छाती आम्हा दोघींनाही नव्हती.

म्हणजे ती सकाळ माझी शेवटची ठरलेली होती, आणि तिच्यात अण्णा आले होते.

मी तंबोरा भिंतीला टेकवला आणि बायकांच्या बाजूला गेले. आई खांबाला टेकून वाती वळत होती.

"आई, अण्णा आलेत."

"कळलं मला." तिची बोटं थांबली नाहीत. "उत्सवाला आलेत, तुला-मला भेटायला नाही. एवढं आधी डोक्यात घे, म्हणजे नंतर त्रास नाही."

"मी गाणार त्यांच्यापुढे."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"एकदाच गं."

"एकदाच, एकदाच करत सात वर्षं झाली, वैजू." तिने वर बघितलं. "आवाज गेला तर ते परत आणून देणार आहेत का?"

मला एवढंच हवं होतं की त्या माणसाने समोर बसून मला ऐकावं आणि ऐकता ऐकता त्याचा चेहरा बदलावा. ही माझी, असं त्याला वाटावं. त्यानंतर गळा गेला तर गेला. एकोणीस वर्षांच्या पोरीला असले सौदे परवडतात.

अण्णा आले. आप्पा पुजारी पुढे, मागे अण्णा, त्यांच्या मागे दोन तरुण शिष्य. सगळं देऊळ उठून उभं राहिलं. वाटेत लोक त्यांच्या पाया पडत होते आणि ते प्रत्येकाच्या खांद्याला हात लावत होते. बायकांच्या बाजूला येताच त्यांनी हात जोडले. ते आईला जोडले की सगळ्यांना, ते मला कळलं नाही. आईने पदर सावरला आणि वातींचं ताट मांडीवर घेतलं.

"ही वैजयंती?" अण्णा माझ्यापुढे थांबले. "अगं, तू केवढीशी होतीस!"

मी वाकले. डोक्यावर हात ठेवला गेला. हात उबदार होता आणि त्याला अत्तराचा वास होता.

"गातेस म्हणे. वा, वा."

"तुमच्यासारखीच गाते, बुवा," आप्पा म्हणाले. "डोळं मिटलं की तुमीच! बसा, तुमची जागा मोकळीच हाय."

जागा मोकळी नव्हती, मी तिच्यावर उभी होते. पण रीत ती रीत. मी मागे सरकले, तंबोरा मांडीवर घेतला आणि अण्णांच्या पाठीमागे बसले. मला त्यांच्या शालीची किनार दिसत होती आणि मानेवरचे पांढरे केस.

काकांनी पेटी उघडली. चौदा वर्षं राखलेली जागा ज्याची त्याच्या हवाली करायचा दिवस आला होता, आणि त्यांनी भाता ओढून काळी दोनचा सा धरला तेव्हा त्यांचा चेहरा वरातीतल्या नवरदेवाच्या बापासारखा झाला होता. मी तंबोरा छेडला.

अण्णांनी सा लावला. दुसऱ्यांदा लावला. मग खाकरले आणि मान वळवून हसत म्हणाले, "दस्तगीर, अरे काळी एक दे भई. काळी दोन सोडून मला दहा वर्षं झाली."

पुढच्या रांगेतले दोघं-तिघं हसले. "वय झालं आता," अण्णा त्यांना म्हणाले, आणि तेही हसले.

काका हसले नाहीत. ते पेटीकडे बघत राहिले, घरातली एखादी वस्तू नेहमीच्या जागी न सापडल्यावर माणूस बघतो तसे. मग बोट उचललं आणि डावीकडच्या पट्टीवर नेलं.

"पोरी, उतरव जरा," अण्णा मला म्हणाले.

मी खुंट्या सैल करायला लागले. माझे हात ते काम करत होते आणि डोकं हिशेब मांडत होतं. दहा वर्षं. म्हणजे मी नऊ वर्षांची असताना. काकांनी मला तंबोऱ्याशी बसवलं त्याच्याही तीन वर्षं आधी अण्णांनी ती पट्टी सोडली होती. इंदुरात ते आपल्या सोयीने गात होते, आणि इथे मी त्यांची टाकलेली पट्टी गळ्यात कोंबत होते. रडू आलं नाही. अंगाची आग आग झाली.

त्यांनी तोडी गायली. चांगली गायली. हे सांगायला मला आजही आवडत नाही, पण खोटी साक्ष कशी देऊ? आवाज थकला होता, वरच्या सुराला जाताना ते हळूच वाट बदलत होते, पण जे हातात होतं ते असं मांडत होते की आप्पा पुजारी आरतीचं तबक हातात धरून जागच्या जागी उभे राहिले. अर्ध्या तासाने त्यांनी हात जोडले. कुणीतरी शाल आणली, कुणीतरी नारळ.

"आता लेकीचं होऊन जाऊ द्या," आप्पा म्हणाले. "बापापुढं एकदा गाऊ दे तिला."

"हो, हो. गा की." अण्णांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. "पावणेनऊला जीप आहे माझी, दुपारी कोल्हापूरला कार्यक्रम आहे. वीस-पंचवीस मिनिटं आहेत. पटकन सुरू कर."

ते बाजूला सरकून समोर बसले. अगदी माझ्या मनात होतं तसे, मांडी घालून, माझ्या तोंडाकडे बघत. मी पुढे येऊन बसले. तंबोरा काळी एकला लागलेला होता, म्हणजे माझा गळा मारणाऱ्या पट्टीच्याही खाली.

"थांबा वाईच, काळी दोन करतो," काका अण्णांना म्हणाले. "ती काळी दोनला गाती."

"काळी दोन?" अण्णांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "बाईमाणसाच्या गळ्याला? कुणी सांगितलं हिला?"

पुढच्या रांगेतले डोळे मिटून ऐकणारे सगळे लोक आता टक्क उघड्या डोळ्यांनी बघत होते.

"बरं, ते राहू दे," अण्णा म्हणाले. "आहे त्यात गा. वेळ नको घालवूस."

मी काकांकडे सरकले. खालच्या आवाजात विचारलं, "काका, खरं सांगा. माझी पट्टी कुठली?"

मला वाटलं होतं ते म्हणतील, बघू, घरी गेल्यावर बघू. एवढ्या गडबडीत कुणाला सांगता येतं? नवीन गळ्याची पट्टी ठरवायला आठ-आठ दिवस लागतात. गाणाऱ्याला वर-खाली फिरवून बघावं लागतं.

काकांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "काळी तीन."

"कधीपासून?"

"पयल्या दिवसापासनं. तू बारा वर्साची हुतीस तवापासनं."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"ठाऊक हुतं. मला वाटायचं त्यो आज येईल, उद्या येईल. आल्यावर त्याला समदं जिथल्या तिथं घावावं. तुज्या गळ्यातनं त्योच ऐकू यायचा गं मला. माजं चुकलं, बाई. लई चुकलं."

त्यांच्या तोंडात मारावी असं मला वाटलं. आजही त्या क्षणाचा राग पूर्ण गेलेला नाही, आणि त्यांच्याइतकं माझ्यावर कुणी प्रेम केलं नाही हेही तितकंच खरं. दोन्ही एका गाठीत बांधलेलं आहे, मला सोडवता आलं नाही.

"काळी तीन द्या," मी म्हटलं.

"वैजू, एकपास्नं तीनला चढवायचं म्हंजे तार टिकायची न्हाई. जुनी हाय. आन् येळ..."

"तुटली तर दुसरी घालू. सूर द्या."

काकांनी सूर दिला. मी खुंटी पिळायला घेतली.

तंबोरा लावायचं काम ज्यांनी केलंय त्यांना मी काय म्हणते ते समजेल. थोडं चढवायचं, थांबायचं, तार आपल्या जागी बसू द्यायची, पुन्हा थोडं. घाई केली की ती हटून बसते. मधल्या दोन तारा कण्हत कण्हत चढल्या. पंचमाची तार चढली. शेवटची पितळी तार खर्जाची. तिची खुंटी अर्धा वळसा फिरवली आणि फट्दिशी तुटून ती माझ्या मनगटावर बसली. कातडी फाटून रक्त आलं.

"अगं, काय हे?" अण्णा म्हणाले. "होती त्यात गायली असतीस तर एव्हाना झालं असतं. दहा मिनिटं राहिलीत."

ते रागावलेले नव्हते. आवाजात कळकळच होती, एवढं मी त्यांच्या पदरात टाकते. माझ्यापाशी अजूनही वेळ होता. खर्जाशिवाय, तीन तारांवर, आहे तसं सुरू करता आलं असतं. तारा अजून सरकत होत्या, एकही पक्की बसली नव्हती, पण बापाला काहीतरी ऐकवता आलं असतं. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी मान हलवून खूण केली, कर, कर सुरू.

आणि मी बेसूर तंबोऱ्यावर गाणार नव्हते. ही शिकवणही काकांचीच.

"नवी तार द्या," मी काकांना म्हटलं.

काकांनी पेटीच्या खोक्यातलं तारेचं भेंडोळं काढलं. मी तारेत मणी ओवला, ती घोडीवरून नेली आणि खुंटीला गुंडाळली. नवी तार दर दोन मिनिटांनी उतरते. चढवायची, ती उतरायची, पुन्हा चढवायची. देवळात कुजबुज सुरू झाली. पोरं पळायला लागली. मागच्या रांगेतले लोक उठून प्रसादाच्या पंगतीची चौकशी करायला गेले. आप्पा दोनदा येऊन माझ्या कानाशी "आवर गं" म्हणून गेले. अण्णांनी तीनदा घड्याळ पाहिलं, हे मी मान वर न करता सांगू शकत होते.

मग बाहेर जीपचा भोंगा वाजला.

अण्णा उठले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "पुढच्या खेपेला निवांत ऐकीन हं," म्हणाले. मी मान डोलावली, पण कान तारेवरून काढला नाही. काका उठून त्यांना पोचवायला जातील असं सगळ्यांनाच वाटलं. अण्णाही क्षणभर त्यांच्याकडे बघत थांबले. काका पेटीवरचं बोट न उचलता म्हणाले, "श्रीनू, सांभाळून जा." सूर सुटला तर मला पुन्हा पहिल्यापासून लावावं लागलं असतं.

शिष्य गेले, त्यांच्या मागून निम्मं देऊळ गेलं. बायकांच्या बाजूला मी एकदा बघितलं. खांबापाशी वातींचं ताट होतं, आई नव्हती. तीही त्यांना निरोप द्यायला गेली असेल असं मला वाटलं, आणि त्या क्षणी मला फार एकटं वाटलं.

जीप चढावर गेल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने चारही तारा एकमेकींत मिसळल्या.

मी डोळे मिटले, हनुवटी छातीला लावायला गेले आणि थांबले. मान सरळ ठेवली. सा लावला.

तो कुठून आला ते मला कळलं नाही. काही करावंच लागलं नाही. सात वर्षं मी सा लावण्याआधी गळा आवळून तयार व्हायचे, आणि हा आपला आपण येऊन उभा राहिला. मला भीती वाटली. हा आवाज मी कधी ऐकलेलाच नव्हता आणि त्याचं काय करायचं असतं हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं. मी पुन्हा तोडीच घेतली. काकांची बोटं चौदा वर्षं काळी दोनवर पडायला सरावलेली, ती नव्या पट्टीवर अडखळत होती. त्यांना सूर सापडेपर्यंत मी थांबायचे. आजवर ते पुढे चालायचे आणि मी मागून जायचे. त्या सकाळी ते माझ्या मागून आले, चुकत, मान हलवत, आणि चष्म्याखालून पाणी गळत असताना.

चाळीस मिनिटं गायले. ऐकायला पंधरा-वीस माणसं असतील. कुणी "श्रीनिवासबुवा" म्हणालं नाही. मी तंबोरा खाली ठेवला, मनगटावरचं वाळलेलं रक्त पुसलं आणि वर बघितलं, तर आई दारात उभी होती. लुगड्याचा काठ ओला, हातात घागर, आणि चेहऱ्यावर असं काही, जे मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

मी तिच्याजवळ गेले. "कुठे होतीस?"

"घाटावर. ते निघाले तशी मी उठले आणि मागच्या दाराने पाण्याला गेले." तिने घागर खाली ठेवली. माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "तिथे गाणं ऐकू आलं म्हणून वर आले. म्हटलं, कोण बाई गातेय बघावं."